सिडनीला जातोय : घर समुद्राजवळ बघू की माणसांजवळ?

रानजाई (३ जून २०२५)
नमस्कार मंडळी. नवऱ्याची कंपनी त्याला सिडनीला पाठवते आहे. व्हिसा ४८२ (कंपनीमार्फत मिळणारा तात्पुरता कामाचा), ऑफिस नॉर्थ सिडनीत, ऑगस्टच्या मध्यावर निघायचं. आम्ही तिघं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लेक दहा वर्षांची.

घरात रोज एकाच गोष्टीवरून वाद चाललाय. मी रेवदंड्याची. कुंडलिकेच्या खाडीवर लहानाची मोठी झाले. लग्नानंतर चौदा वर्षं पुण्यात काढली, पण भरतीची वेळ काय असेल हा विचार अजून सकाळी डोक्यात येतो. त्यामुळे सिडनी म्हटल्यावर डोळ्यासमोर आधी पाणी आलं. नवऱ्याचे तिथले मित्र मात्र एकमुखाने सांगतात की वेंटवर्थविल, वेस्टमीडकडे या, सगळी आपली माणसं, किराणा, देऊळ हाकेच्या अंतरावर. नकाशा उघडला तर ते किनाऱ्यापासून २५-३० किलोमीटर आत!

एवढ्या लांब, समुद्राच्या शहरात जायचं आणि समुद्र फक्त सुट्टीच्या दिवशी बघायचा, हे मला पटत नाही. तुम्ही तिथे राहिलात, राहताय, तर खरं काय ते सांगा. मी हट्ट करतेय का?

तिठा
घर स्टेशनजवळ. समुद्र रविवारी. सोळा वर्षांच्या अनुभवाचं सार एवढंच.

भटक्या७७
ताई, हट्ट मुळीच नाही. मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१६ मध्ये आलो आणि पहिलं घर डी वायला घेतलं. गॅलरीतून समुद्र दिसायचा. पहिले दोन महिने रोज घरी फोटो पाठवत होतो. मग रोजच्या जगण्याला सुरुवात झाली. उत्तरेच्या त्या किनाऱ्यावर, म्हणजे मॅनलीपासून वर, रेल्वे नाहीच. आता पिवळी दुमजली बी-लाइन बस आहे, चांगली आहे, पण तेव्हा मिलिटरी रोडला सकाळी बस गाड्यांच्या रांगेत अडकायची ती अडकायचीच. वाटेत स्पिट ब्रिज लागतो. शिडाच्या बोटी जायच्या म्हणून दिवसातून काही वेळा तो पूल वर उचलतात. ऐन गर्दीच्या वेळी उचलत नाहीत, पण दुपारी शाळेतून फोन आला आणि आपण नेमके पुलाच्या अलीकडे उभे, हे मी अनुभवलंय. समोर रस्ता आकाशाकडे उभा आणि खालून एक होडी आरामात चाललेली.

त्याहून अवघड होतं ते बायकोचं. दिवसभर समुद्र समोर, पण बोलायला कोणी नाही. एका संध्याकाळी ती म्हणाली, "इथे लाटांशिवाय कोणी माझं नाव घेत नाही." त्या वर्षी आम्ही केलीव्हिलला आलो. समुद्र गेला, पण शेजारी तीन मराठी घरं मिळाली. आता तर ऑगस्ट २०२४ पासून मेट्रो थेट शहरात जाते. तुमच्या यजमानांचं ऑफिस नॉर्थ सिडनीत असेल तर व्हिक्टोरिया क्रॉस स्टेशनला उतरायचं. केलीव्हिलहून पाऊण तासाच्या आत, एकाच गाडीने.

शेवंती
भटक्या, तुमच्या घरी झालं ते खरं, पण म्हणून सगळ्यांनी किनारा सोडावा का? आम्ही सहा वर्षं क्रोनुलाला आहोत. समुद्र आणि रेल्वे दोन्ही हवं असेल तर सिडनीत हे एकच ठिकाण, स्टेशनातून बाहेर पडलं की वाळू चालत पाच-सात मिनिटांवर. मुलगा निपर्समध्ये जातो. सर्फ क्लबवाले ऑक्टोबर ते मार्च रविवारी सकाळी मुलांना लाटा वाचायला शिकवतात. माझ्या जवळच्या मैत्रिणी तिथेच झाल्या, मुलांचे टॉवेल धरून उभं राहता राहता. एकीला मी पोहे शिकवले, तिने मला पाण्यात डोकं घालायला शिकवलं.

हां, नॉर्थ सिडनीचं ऑफिस असेल तर क्रोनुला लांब पडेल हे कबूल. गाडी बदलून सव्वा तास तरी धरा.

दीपमाळ
पश्चिमेकडे घर घेताना उन्हाळ्याचा विचार करा. समुद्राचा वारा तिथवर पोचता पोचता दमतो. ४ जानेवारी २०२० ला पार पश्चिमेच्या पेनरिथला ४८.९ अंश होतं. त्या दिवशी मी ब्लॅकटाउनला होते, दाराची कडी बाहेरून हाताला चटका देत होती. वेस्टमीड पेनरिथइतकं तापत नाही, पण किनाऱ्यावरच्या बाँडायपेक्षा सात-आठ अंशांचा फरक मी कितीदा पाहिलाय.

निवांत
उन्हाळ्याचं सगळे सांगतात, थंडीचं कोणी सांगत नाही. जुलैत रात्री बाहेर सात-आठ अंश असतं आणि जुन्या घरात आतही फार वेगळं नसतं. भिंती पातळ, काचा एकेरी. आमच्या पहिल्या घरात कपाटामागच्या भिंतीला बुरशी आली आणि त्यात माझी लोकरी शाल गेली.

घर बघताना एक लक्षात ठेवा. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणून इथे उत्तरेला तोंड असलेल्या बैठकीच्या खोलीला भाव. माझे सासरे आले तेव्हा होकायंत्र काढून पूर्व शोधत होते. मी त्यांना दुपारी उत्तरेच्या खिडकीत खुर्ची दिली. ऊन पाठीवर आल्यावर होकायंत्र खिशात गेलं.

चौकट
घर कुठे हे ठरेल, पण घर *मिळतं* कसं ते आधी समजून घ्या, कारण आपल्याकडच्या पद्धतीशी त्याचा काही संबंध नाही.

भाडं आठवड्याचं सांगतात. ७०० वाचून महिन्याचं समजू नका. शनिवारी पंधरा मिनिटं घर उघडतात, फुटपाथवर रांग असते, सगळे एकदम आत शिरतात. आवडलं तर त्याच संध्याकाळी ऑनलाइन अर्ज. तुमच्याकडे इथला भाड्याचा इतिहास नसणार, म्हणून नोकरीचं पत्र, बँकेची स्टेटमेंट्स आणि पुण्याच्या घरमालकाचं इंग्रजीतलं पत्र निघायच्या आधीच तयार ठेवा. ते पत्र माझ्या अर्जात फार उपयोगी पडलं. अनामत जास्तीत जास्त चार आठवड्यांची, आणि ती सरकारकडे जमा होते. घर न बघता पैसे मागणारा भेटला तर तिथूनच मागे फिरा. घर बहुतेक वेळा रिकामं मिळतं, फ्रिजसुद्धा नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चावीबरोबर घराच्या स्थितीचा अहवाल देतात. तो भरून सात दिवसांत परत द्यायचा असतो. प्रवासाच्या थकव्यात लोक सही करून मोकळे होतात. माझ्या बायकोने तीन संध्याकाळी बसून भरला. स्वयंपाकाच्या ओट्यावर, शेगडीच्या डाव्या बाजूला, अंगठ्याएवढा जळका डाग होता. तिने त्याच्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढला. दोन वर्षांनी घर सोडताना एजंट म्हणाला, ओटा तुम्ही जाळलात, बदलायचे पैसे कापणार. आम्ही तो फोटो आणि अहवालाचं पान पाठवलं. अनामत पूर्ण परत आली.

तिठा
+१. नाण्याची कल्पना उत्तम. मी आगपेटी ठेवायचो.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. अजून दोन काळज्या. लेकीच्या शाळेचं काय? आणि माझं काय? चौदा वर्षं दवाखान्यात काम केलंय, तिथे नुसती घरी बसून राहीन या विचाराने झोप उडालीये.

कल्याणी_म
रानजाईताई, मी दंतवैद्य. तुमच्या मनात काय चाललंय ते अगदी कळतंय.

आधी शाळा. या राज्यात ४८२ वाल्यांच्या मुलांना सरकारी शाळेतही फी पडते, वर्षाला काही हजार डॉलर. कंपनीशी बोलणी चालू असतील तर हा खर्च आत्ताच काढा, नंतर कोणी देत नाही. मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, तीही भारतीय ४८२ ला मिळत नाही, खाजगी विमा लागतो. वर्ष जानेवारीअखेर-फेब्रुवारीत सुरू होतं, त्यामुळे लेक मधेच वर्गात जाईल. मुलं घेतात जुळवून. माझ्या मुलीने पहिल्या आठवड्यात घरी येऊन फक्त एक वाक्य सांगितलं होतं : "आई, इथे टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत सावलीतच बसावं लागतं."

आता तुमचं. जोडीदाराला काम करायची पूर्ण मुभा आहे, पण फिजिओथेरपिस्ट म्हणवून घ्यायला नोंदणी लागते. आधी ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिलकडे कागद तपासून घ्यायचे, मग लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक परीक्षा. वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर जातं. माझीही वाट अशीच होती. लेखीत पहिल्यांदा नापास झाले तेव्हा गाडीत बसून रडले. पण मधल्या काळात काम थांबवू नका. अलाइड हेल्थ असिस्टंट, म्हणजे थेरपिस्टच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून घेतात, हात चालू राहतो, इथल्या पेशंटशी बोलायची सवय होते. कॉलेजची गुणपत्रकं आणि विषयवार तासांचा दाखला भारतातूनच घेऊन या. इथे बसून कॉलेजच्या क्लार्कला फोन लावण्यात माझे चार महिने गेले.

वाटसरू
एक विचारू? परदेशात जाऊन पुन्हा मराठी शेजारीच हवेत तर जायचंच कशाला? मी चार वर्षं कूजीला राहिलो, आसपास एकही भारतीय नव्हता. तिथल्या लोकांत मिसळलो, उत्तम चाललं. आपण आपल्याच वाड्या उभ्या करतो आणि मग म्हणतो ते लोक मिसळत नाहीत.

अबोली
वाटसरू, तुम्ही एकटे होतात का तेव्हा? चिडून विचारत नाहीये. एकट्या माणसाला आणि लेकुरवाळ्या घराला शहर वेगवेगळं दिसतं.

माझ्या धाकट्याच्या वेळी रात्री अडीचला कळा सुरू झाल्या. नवरा पर्थला, विमानाने पाच तास. थोरली साडेतीन वर्षांची, झोपलेली. वेंटवर्थविलच्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावर सोलापूरच्या काकू राहायच्या, लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. मी दार वाजवलं. त्यांनी काही विचारलं नाही. अंगावरची शाल सावरत वर आल्या, थोरलीच्या शेजारी आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "जा बाळा, ही उठली की तिला दूधभात देते." त्यांच्या लेकाने मला दवाखान्यात सोडलं. दूधभात हा शब्द मी इथल्या चांगल्यातल्या चांगल्या शेजारणीला कसा समजावला असता?

गोऱ्या मैत्रिणी मलाही आहेत, जीव लावणाऱ्या आहेत. पण पहिलं वर्ष वेगळं असतं.

वाटसरू
अबोलीताई, हो, एकटाच होतो. तुमचं वाचून थांबलो जरा. बरोबर आहे, पहिल्या वर्षाचा विचार मी केला नव्हता.

दर्यावर्दी
घर कुठेही घ्या, एक गोष्ट कानात कोरून ठेवा. लाइफगार्ड लावतात त्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं.

रानजाई, तुम्ही रेवदंड्याच्या, म्हणून मुद्दाम लिहितो. मी मुरुडचा, आम्हाला वाटतं समुद्र कळतो. आपला उथळ, गढूळ, ओळखीचा समुद्र वेगळा आणि हा वेगळा. इथे जिथे लाट फुटत नाही, पाणी शांत आणि गडद दिसतं, तिथेच रिप असतो, आत ओढणारा प्रवाह. नवखा माणूस नेमका तीच शांत जागा निवडतो. माझा मावसभाऊ, पट्टीचा पोहणारा, मरूब्राला असाच गेला आत. किनाऱ्याकडे हात मारत राहिला आणि दर हाताला मागे सरकत होता. मग दमला आणि हात वर केला, त्यानेच वाचला. लाइफगार्ड फळी घेऊन दोन मिनिटांत पोचला. रिपशी झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा. जमलं तर किनाऱ्याला समांतर बाहेर यायचं. लेकीला हे पहिल्या दिवशी शिकवा. सरकारी शाळांत दहा दिवसांचा पोहण्याचा वर्ग असतो, त्यात तिचं नाव आठवणीने घाला.

रानजाई
दादा, मी खरंच हेच म्हणणार होते की मला समुद्र कळतो. वाचून अंगावर काटा आला. लेकीला आजच वाचून दाखवलं.

पाटावरवंटा
सगळे गंभीर झालात, थोडं कोकणाचं बोलू. ताई, इथे बारामुंडी म्हणून जो मासा महागड्या हॉटेलात मिळतो तो म्हणजे आपला जिताडा! तोच, दुसरा कोणी नाही. आणि स्पॅनिश मॅकरेल म्हणजे सुरमई. फिश मार्केटमध्ये गेलात की मॅकरेल नुसतं वाचून बांगडा समजू नका, तुकडी बघा.

शेवंती
जिताडा!! सहा वर्षं मी बारामुंडी खातेय आणि मला हे आज कळतंय.

तिठा
आणि सोमवारी रात्री कचऱ्याच्या डब्यावर वीट ठेवा. कॉकाटू, म्हणजे इथले मोठे पांढरे पोपट, झाकण चोचीने उचलून उघडतात. एकाचं बघून दुसरा शिकतो. आमच्या गल्लीत सगळ्या डब्यांवर विटा आहेत.

दीपमाळ
हे खरंय हं नव्या लोकांनो, गंमत नाही. त्यावर संशोधकांनी अभ्याससुद्धा केलाय.

भरतीओहोटी
उशिरा आलो, पण मूळ प्रश्नाकडे वळतो. ताई, तुम्ही समुद्र म्हणताय, पण लिहिलंय सगळं खाडीबद्दल. भरतीची वेळ, कुंडलिका. मग खाडीवर का राहत नाही?

सिडनी हार्बर म्हणजे समुद्राने आत घुसून भरलेलं नदीचं खोरं. त्याचाच फाटा, पॅरामॅटा नदी, आत पॅरामॅटापर्यंत जाते आणि तिथल्या बंधाऱ्यापर्यंत तिला भरती-ओहोटी आहे. नावाचा अर्थही तिथल्या मूळ धरुग लोकांच्या भाषेतला, जिथे वाम जमतात ती जागा. फेरीबोट शहरातल्या सर्क्युलर की धक्क्याहून पॅरामॅटापर्यंत जाते, पण पाणी फार उतरलं की वरच्या टप्प्यात बोट नेत नाहीत, बसने पाठवतात. रेवदंड्याच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये.

याच नदीकाठचं मेडोबँक बघा. टी-९ गाडी थेट नॉर्थ सिडनीला जाते, पाऊण तास. फेरीचा धक्का चालत. काठाने तिवरं आहेत, ओहोटीला चिखल उघडा पडतो. पुढे वेस्ट राइड, ईस्टवूड. आपली माणसं वेंटवर्थविलइतकी नाहीत, पण आहेत, आणि तिकडे जायलाही फार वेळ लागत नाही.

एक सांगतो. गळ टाकायचा मोह होईल, पण हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला धरलेला मासा खाऊ नका असं सरकारच सांगतं. समोरच्या ऱ्होड्स-होमबुश बेला युनियन कार्बाइडचा कारखाना होता, त्याचं डायॉक्सिन हे विषारी रसायन तळाच्या गाळात उतरलंय. २००६ पासून हार्बरमधली व्यावसायिक मासेमारी बंद आहे. ते नाव वाचून मला भोपाळ आठवलं आणि त्या दिवशी बराच वेळ काठावर बसून राहिलो.

निवांत
मेडोबँक! कसं सुचलं नाही आपल्याला?

रानजाई
नकाशावर तिवरांची हिरवी पट्टी बघत बसलेय. नवऱ्याला दाखवलं. तो आधी स्टेशन बघतो, मी आधी धक्का. पहिल्यांदाच दोघांची बोटं एकाच ठिकाणी आली.

रानजाई (२६ ऑक्टोबर २०२५)
मंडळी, पोचल्यावर लिहायचं कबूल केलं होतं, दोन महिने उशीर झाला. आम्ही मेडोबँकला आहोत. नऊ अर्ज केले, दहाव्याला घर मिळालं. पुण्याच्या घरमालकांच्या पत्राची एजंटने मुद्दाम चौकशी केली. चौकटदादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे नाणं ठेवून सत्तेचाळीस फोटो काढलेत. खिडकी उत्तरेची आहे, निवांत. कागद कौन्सिलकडे गेलेत, कल्याणीताई, आणि पुढच्या सोमवारपासून आठवड्यातून तीन दिवस असिस्टंटचं काम सुरू होतंय.

सगळं गोड नाहीये. सप्टेंबरात पहिले तीन आठवडे लेक शाळेतून आली की बोलायची नाही, नुसती दप्तर ठेवून गादीवर पडायची. मी अबोलीताईंची गोष्ट पुन्हा काढून वाचली आणि एका रविवारी उठून वेंटवर्थविलला गेले, ओळख नसताना एका मंडळाच्या कार्यक्रमात. तिथे लेकीला तिच्याच वयाची एक मुलगी भेटली. आता दोघी दर रविवारी भेटतात. तुम्ही सांगितलंत म्हणून गेले.

दिवाळीत इथलं घड्याळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेलेलं, सात वाजून गेले तरी उजेड. पणत्या लावायला लेक खिडकीत ताटकळत बसली होती. पुण्याला तेव्हा पावणेदोन वाजलेले, सासूबाई नुकत्या जेवून उठलेल्या. त्यांनी भर दुपारी फोनवर आमच्या पणत्या पाहिल्या.

आणि खाडी. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी जायचे, पण पाणी भरलेलंच असायचं, काचेसारखं, परकं. मग एक दिवस संध्याकाळी गेले तर ओहोटी होती. तिवरांची मुळं पेन्सिली उभ्या केल्यासारखी चिखलातून वर आलेली, आणि वास. तो वास! मी धक्क्याच्या कठड्याला धरून उभीच राहिले. लेक म्हणाली, "आई, इथे आजोळसारखा वास येतोय." ती रेवदंड्याला शेवटची गेली तेव्हा सहा वर्षांची होती.

दर्यावर्दी
आता मीच तो वास घ्यायला येणार. शनिवारी ओहोटी किती वाजता?

रानजाई
या दादा. कोष्टक बघून कळवते. भरतीओहोटी, तुम्हीही या. जिताडा आणून ठेवते.